‘आय अ‍ॅग्री’ दाबलं की नेमकं काय होतं? एका बटणामागचे तीन कायदे

तुमच्या फोनमध्ये आत्ता किती अ‍ॅप आहेत? ४०? ६०? त्यातल्या जवळपास प्रत्येक अ‍ॅपशी तुम्ही एक करार केलेला आहे. सही नाही, स्टॅम्प पेपर नाही, साक्षीदार नाही. फक्त अंगठा टेकवलात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि तो अंगठा जिथे टेकतो ती स्क्रीन बनवणं हे माझं काम. बटण निळं हवं की हिरवं, ‘आय अ‍ॅग्री’ लिहायचं की नुसतं ‘कंटिन्यू’, यावर मी तासन्‌तास मीटिंगा केल्यात. पण ते बटण दाबल्यावर कायद्याच्या नजरेत काय घडतं, हे मला अलीकडेपर्यंत धड माहीत नव्हतं. माझी पीजीतली रूममेट एलएलएम करतेय, कराराच्या कायद्याची तत्त्वं हा तिचा विषय. रात्री ती १८७२ चा कायदा आणि रेल्वेच्या तिकिटांवरचे जुने खटले वाचते आणि मी शेजारी बसून साइन-अपची स्क्रीन बनवते. एकदा माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून तिने विचारलं, “यात अ‍ॅक्सेप्टन्स नेमका कुठे झाला?” मला सांगता येईना. मग तिच्या नोट्स घेऊन बसले. त्यातून जे समजलं ते इथे मांडतेय.

हे आत्ताच का? कारण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर केले. कंपन्यांना मुख्य तरतुदी लागू करायला १८ महिने दिलेत. म्हणजे मे २०२७ पर्यंत तुमच्या फोनमधलं जवळपास प्रत्येक अ‍ॅप तुमच्यासमोर नव्या सूचना, नवी बटणं घेऊन येणार आहे. तेव्हा आपण कशाला ‘हो’ म्हणतोय, हे माहीत असलेलं बरं.

आधी बेसिक: करार कधी होतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा. फोन तर सोडाच, तेव्हा घरात वीजही नव्हती. तरी त्याचा सांगाडा आजही तोच आहे. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो आहे तसा स्वीकारायचा, दोन्हीकडून काहीतरी मोबदला हवा, दोघांची संमती मोकळेपणाने दिलेली हवी, दोघं १८ वर्षांच्या वरचे हवेत आणि काम बेकायदा नसावं. बस. कागद हवाच असं हा कायदा सरसकट म्हणत नाही.

“मग ऑनलाइन करार खरा मानतात का?” हो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०अ आलं. करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही, असं ते कलम सांगतं. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ईमेलवर ठरलेला व्यवहार पक्का मानला, औपचारिक कागदावर सह्या झाल्या नव्हत्या तरी.

आणि ईमेलचं काय घेऊन बसलात, कॅनडात तर इमोजीवर करार ठरला. मार्च २०२१ मध्ये सस्कॅचवान प्रांतातल्या एका धान्य कंपनीने जवस खरेदीचा करार बनवला, त्याचा फोटो शेतकऱ्याला पाठवला आणि करार कन्फर्म करायला सांगितलं. शेतकऱ्याने उत्तरात फक्त अंगठ्याचा इमोजी टाकला. माल नोव्हेंबरमध्ये द्यायचा होता. तोवर भाव चढले आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे ‘मेसेज मिळाला’ एवढंच. कोर्टाने दोघांचे जुने मेसेज बघितले. आधीच्या व्यवहारांत तो ‘ओके’, ‘यप’ असं एका शब्दात उत्तर द्यायचा आणि माल पोचवायचा. म्हणून २०२३ मध्ये कोर्टाने अंगठा म्हणजे होकार धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण शब्दांशिवाय, वागण्यातून दिलेला होकार आपल्या १८७२ च्या कायद्यातही चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर रूमच्या डिपॉझिटबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

९९ रुपयांचा लॅपटॉप का मिळत नाही?

आता रूममेटच्या प्रश्नाकडे येऊ. सेल चालू आहे, चुकून लॅपटॉपची किंमत ९९ रुपये पडलीय, तुम्ही पैसे भरले, स्क्रीनवर ‘ऑर्डर प्लेस्ड’ आलं. दोन तासांनी ऑर्डर रद्द, पैसे परत. करार मोडला ना त्यांनी?

कायद्याचं उत्तर इथे निराश करतं. दुकानात शेल्फवर मांडलेली वस्तू म्हणजे प्रस्ताव नाही, ते फक्त ‘या, प्रस्ताव द्या’ असं आमंत्रण आहे. इंग्लंडमध्ये १९५३ च्या बूट्स खटल्यात हे ठरलं आणि आपल्याकडेही ते शिकवलं जातं. प्रस्ताव देता तुम्ही, ‘बाय नाऊ’ दाबून. स्वीकारायचा की नाही ते विक्रेता ठरवतो. आणि बऱ्याच शॉपिंग साइटच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की माल पाठवला तेव्हाच आम्ही ऑर्डर स्वीकारली असं समजा. म्हणजे ‘ऑर्डर प्लेस्ड’ ही फक्त पोच आहे. आम्ही डेव्हलपर ‘प्लेस्ड’ आणि ‘कन्फर्म्ड’ असे दोन वेगळे स्टेटस ठेवतो ते मला स्टॉक तपासण्याची सोय वाटायची. त्याला कायद्याचंही कारण आहे हे आत्ता कळलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा ती तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर तुम्ही रद्द केल्यावर तुमच्याकडून कॅन्सलेशन चार्ज घेऊ शकत नाही.

“मी वाचलंच नव्हतं” चालतं का?

नाही. साधारणपणे नाहीच. १९३४ चा एक ब्रिटिश खटला आहे. वेल्समधल्या एका कॅफेवालीने सिगारेट विकणारं मशिन घेतलं. मशिन बिघडलं, पण ‘आमची कसलीच जबाबदारी नाही’ अशी अट फॉर्मवर बारीक अक्षरांत छापलेली होती आणि तिने सही केली होती. कोर्ट म्हणालं, सही केलीस, वाचलं नाहीस हा तुझा प्रश्न. ही भूमिका कडक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. ‘वाचलं नाही’ म्हणून सुटता आलं असतं तर कोणताच करार टिकला नसता.

पण जिथे सही नसते तिथे कोर्ट वेगळा प्रश्न विचारतं: अटी आहेत हे समोरच्याला कळेल अशी पुरेशी व्यवस्था केली होती का? १८७७ मध्ये हा प्रश्न रेल्वे स्टेशनच्या सामानघरातल्या तिकिटावर उठला. १९७१ मध्ये पार्किंगच्या तिकिटावर. तिकीट मशिनमधून बाहेर येतं तेव्हा करार होऊन गेलेला असतो, मग आत भिंतीवर लावलेल्या अटी त्या माणसाला कशा लागू होतील, असं कोर्टाने विचारलं. लॉर्ड डेनिंग या न्यायाधीशांनी तर १९५६ मध्ये असं म्हटलं होतं की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून त्यांच्याकडे बोट दाखवणारा लाल हात काढला पाहिजे.

हाच प्रश्न २००२ मध्ये अमेरिकेत सॉफ्टवेअरवर आला. नेटस्केपच्या साइटवर डाउनलोडचं बटण वर होतं आणि लायसन्सच्या अटींची लिंक खाली, स्क्रोल केल्यावरच दिसेल अशी. कोर्ट म्हणालं, नुसतं डाउनलोड दाबलं म्हणजे न दिसलेल्या अटी मान्य केल्या असं होत नाही. तेव्हापासून आमच्या धंद्यात दोन प्रकार धरतात. एक क्लिकरॅप: चौकट टिक करा, ‘आय अ‍ॅग्री’ दाबा. दुसरा ब्राउझरॅप: पानाच्या तळाशी लिंक, ‘साइट वापरलीत म्हणजे मान्य’. पहिला कोर्टात टिकायची शक्यता बरीच जास्त, दुसऱ्याची कमी. म्हणूनच आता सगळीकडे बटण दिसतं.

तुम्ही ते दाबता तेव्हा आमच्या डेटाबेसमध्ये साधारण एक ओळ तयार होते. युजर आयडी, अटींचा व्हर्जन नंबर, तारीख, सेकंदापर्यंत वेळ, आयपी अ‍ॅड्रेस. उद्या वाद झाला तर कंपनी ही ओळ दाखवणार. आता गंमत बघा. कराराचा पुरावा कंपनीकडे आहे. तुमच्याकडे? बहुतेक वेळा काहीच नाही. अटी मधे बदलल्या असतील तर तुम्ही कोणत्या व्हर्जनला हो म्हणालात हेही तुम्हाला सांगता येणार नाही. १८७२ च्या कायद्याने गृहीत धरलेल्या दोन माणसांच्या व्यवहारात दोघांकडे एकेक प्रत असायची.

घ्या नाहीतर सोडा

एलएलएमच्या अभ्यासात या प्रकाराला प्रमाणित करार म्हणतात. एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूला एक शब्दही बदलायची मुभा नाही. विमा, बँक, फ्लॅट आणि आता अ‍ॅप.

आपल्या कोर्टांनी यावर कधीकधी कडक भूमिका घेतलीय. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सरकारी कंपनी तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न देता काढू शकत होती. ती अट सुप्रीम कोर्टाने रद्द केली. ताकदीत प्रचंड तफावत असताना लादलेली अन्यायकारक अट ही सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे, असं कोर्ट म्हणालं. २०१९ मध्ये पायोनियर अर्बन खटल्यात बिल्डरच्या एकतर्फी करारालाही कोर्टाने ग्राहकावर बंधनकारक मानलं नाही.

पण हे अपवाद आहेत. करार कायद्यात ‘ही अट अन्यायकारक आहे’ एवढ्यावर ती रद्द करणारं सरळ कलम नाही. विधि आयोगाने १९८४ च्या १०३ व्या अहवालात आणि पुन्हा २००६ च्या १९९ व्या अहवालात अशी तरतूद सुचवली. सर्वसाधारण कायदा झाला नाही. शेवटी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करार’ ही व्याख्या आली, पण फक्त ग्राहकांपुरती. अवाच्या सवा डिपॉझिट, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, कारण नसताना एकतर्फी करार संपवण्याचा हक्क, ग्राहकाला तोट्यात टाकणारी गैरवाजवी अट, हे सगळं त्यात येतं.

यात दोन खाचा आहेत. एक, अनुचित कराराची तक्रार तुमच्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येत नाही, राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच जावं लागतं. गडचिरोलीतल्या पोराने ३०० रुपयांच्या सबस्क्रिप्शनसाठी राज्य आयोगात जावं, ही अपेक्षाच अवघड आहे. दोन, फुकट सेवा या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे पैसे न देता वापरता ती अ‍ॅप, ज्यात आपला सगळ्यात जास्त वेळ जातो, ती याच्या कक्षेत आणणं कठीण.

फुकट अ‍ॅपवर दाब आला तो दुसऱ्याच वाटेने. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवी प्रायव्हसी पॉलिसी आणली, ती मान्य करा नाहीतर अ‍ॅप वापरता येणार नाही, अशी. तुम्हालाही तो पॉप-अप आठवत असेल. तुम्ही काय केलंत? बहुतेकांनी दाबून टाकलं, कारण घरचा, कॉलेजचा, क्लासचा ग्रुप तिथेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नेमका हाच मुद्दा धरला आणि मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, जाहिरातींसाठी डेटा वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठवली. इथे लक्षात घ्या, हा निकाल करार कायद्याने लागला नाही. स्पर्धा कायद्याने लागला. ‘हो’ म्हणण्याशिवाय पर्यायच नसेल तर ती संमती कसली, हा प्रश्न करार कायद्याला अजून नीट पेलत नाही.

बटणाचा रंग हाही पुरावा आहे

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या आधीच्या कंपनीत मी चेकआउट पेजवर १९ रुपयांच्या विम्याची चौकट आधीच टिक करून ठेवली होती. तसं टिकिटच आलं होतं. कोणी काढून टाकली तर टाकली, बाकीच्यांकडून पैसे येतील. मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं, कारण ‘युजरला पर्याय दिलाय ना’.

रूममेटने ई-कॉमर्स नियम दाखवले. त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्राहकाची संमती त्याच्या उघड, स्वतःच्या कृतीतूनच घ्यायची, आधी टिक केलेल्या चौकटीतून नाही. मी ती स्क्रीन बनवली तेव्हा हा नियम लागू होता. आमच्या टीममध्ये कोणालाच तो माहीत नव्हता किंवा कोणी बोललं नव्हतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई. न मागता बास्केटमध्ये टाकलेली वस्तू. शेवटच्या पानावर उगवणारे चार्जेस. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहून लाज वाटायला लावणारं बटण. आणि सबस्क्रिप्शनचा सापळा: सुरू करायला एक टॅप, बंद करायला सात स्क्रीन. फुकट ट्रायलसाठी आधीच कार्ड किंवा ऑटो-डेबिटची परवानगी मागणंही याच सापळ्यात मोजलंय. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं. तरी आज कोणतंही अ‍ॅप उघडा, यातले दोन-तीन प्रकार सापडतील.

करार वेगळा, संमती वेगळी

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ‘मी अटी आणि प्रायव्हसी पॉलिसी मान्य करतो’ या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी चिकटवलेल्या असतात. अटी म्हणजे करार. तो एकदा झाला की एकट्याला मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. प्रायव्हसी पॉलिसी म्हणजे तुमची माहिती वापरायची संमती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार ही संमती कधीही मागे घेता येते आणि ती देणं जितकं सोपं होतं, मागे घेणंही तितकंच सोपं असलं पाहिजे. एका टॅपमध्ये घेतली असेल तर मागे घ्यायला सात स्क्रीन चालणार नाहीत.

शिवाय संमती त्या कामापुरतीच धरली जाते. कायद्यातच उदाहरण दिलंय: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने फोनमधले कॉन्टॅक्ट मागितले आणि तुम्ही ‘हो’ दाबलंत, तरी सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लागत नाहीत, म्हणून ती संमती फक्त आरोग्य सेवेपुरतीच मोजली जाईल. विचार करा, टॉर्चचं अ‍ॅप तुमचे कॉन्टॅक्ट मागतं तेव्हा याचा अर्थ काय होतो.

आणखी एक हक्क आपल्यासाठी मोठा आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कंपनीने द्यायलाच हवा. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. इतकी वर्षं आपण न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा देत आलो. आपल्या पणजोबांनी सावकाराकडे दिला असेल तसाच. फक्त शाई लागत नव्हती.

पण फार खूश व्हायचं कारण नाही. या कायद्यात दंड मोठे आहेत, डेटा सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटींपर्यंत, पण ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई देण्याची तरतूद यात नाही. उलट आयटी कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ वगळण्याची तरतूद याच कायद्याने केलीय. आणि खोटी किंवा फालतू तक्रार केली तर तुम्हालाच १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

१८ च्या आत असाल तर

१९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं की अल्पवयीनाने केलेला करार मुळातच शून्य असतो. तो खटला कोलकात्यातल्या एका मुलाने २० हजार रुपयांसाठी घर गहाण टाकण्याचा होता. तेच तत्त्व आज १६ वर्षांच्या पोराने गेममध्ये घेतलेल्या स्किनला लागू होतं. प्रत्यक्षात मात्र कार्ड आणि खातं आई-बाबांचं असतं, त्यामुळे व्यवहार त्यांचाच, असं स्टोअर म्हणणार. नवा डेटा कायदाही १८ ही रेष धरतो: त्याखाली पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. जन्मसाल खोटं टाकलंत तर या संरक्षणातून तुम्हीच बाहेर पडता.

मधल्या मध्ये राहिलेले

२०२४ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या परिसरातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर अ‍ॅलर्जीने एका बाईचा मृत्यू झाला. नवऱ्याने दावा लावला. डिस्नेने उत्तर दिलं की याने काही वर्षांपूर्वी डिस्ने प्लसची ट्रायल घेतली होती, त्या अटींप्रमाणे वाद कोर्टात नाही, लवादाकडे जायला हवा. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने हा मुद्दा मागे घेतला.

भारतात ग्राहकाला याबाबत चांगलं कवच आहे. एमार एमजीएफ खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. आणि ‘वाद झाल्यास फक्त अमुक शहरातलं कोर्ट’ असं अटींत लिहिलेलं असलं तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करू शकता.

पण ज्याच्या बाइकवरून तुमचं पार्सल येतं तो? तो ग्राहक नाही. बहुतेक करारांत तो कर्मचारीही नसतो, ‘पार्टनर’ असतो. सकाळी अ‍ॅप उघडलं की ‘अटी बदलल्यात, अ‍ॅक्सेप्ट करा’, दाबलं नाही तर आज ऑर्डर नाही. सिग्नलवर थांबून १० पानी इंग्रजी कोण वाचणार? कॅनडात उबर ईट्सच्या एका चालकाच्या करारात वाद नेदरलँड्समधल्या लवादाकडे न्यायची अट होती, आणि नुसती सुरुवातीची फी सुमारे १४,५०० अमेरिकन डॉलर, जवळपास त्याच्या वर्षभराच्या कमाईएवढी. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट अन्यायकारक म्हणून फेटाळली. आपल्याकडे असं थेट म्हणायला कोर्टाला १९८६ च्या निकालाचा आधार घ्यावा लागेल. कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा करून करार सोप्या भाषेत असावा आणि अटी बदलण्याआधी सूचना द्यावी, असं बंधन घातलं. हे इतर राज्यांनीही उचलायला हवं. महाराष्ट्रात पुणे-मुंबईत हजारो पोरं याच अंगठ्यावर पोट भरतात.

मग आपण काय करायचं?

सगळ्या अटी वाचा, असं मी सांगणार नाही. मीही वाचत नाही. पण एवढं करता येतं:

• पैसे देणार असाल तर अटींच्या पानावर चार शब्द शोधा: रिफंड, ऑटो-रिन्यू, टर्मिनेट, आर्बिट्रेशन. दोन मिनिटं लागतात.

• शेवटच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा, किंमत आणि तारखेसह. कंपनीकडे त्यांची ओळ आहे, तुमच्याकडे तुमची प्रत असू दे.

• ट्रायल घेतली त्याच दिवशी यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे उघडून मँडेट बघा. ऑटो-डेबिटच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज स्वाइप करून उडवू नका.

• आधीच टिक केलेली चौकट दिसली तर काढा आणि तिचाही स्क्रीनशॉट ठेवा.

• नव्या डेटा सूचना यायला लागल्या की भाषा मराठी करून वाचा. पर्याय सापडला नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा.

• फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पुढे जायचं असेल तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि माझ्यासारखे जे या स्क्रीन बनवतात त्यांच्यासाठी एक. पुढच्या वेळी चौकट आधीच टिक करून ठेवायचं टिकिट आलं तर कमेंटमध्ये विचारा, ‘हे २०२० च्या नियमात बसतं का?’ मी मागच्या महिन्यात नव्या कंपनीत विचारलं. दोन दिवस कोणी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी टिकिट बंद झालं, चौकट रिकामी ठेवून.